दिंडी दरवाजा : सॉफ्टवेअरमधली सुरक्षितता आणि देवाणघेवाण



या सभागृहात मी पहिल्यांदा आलो तो वडिलांचे बोट धरून. मागच्या रांगेत बसून ऐकलेली व्याख्याने बहुतेक समजली नाहीत, पण मराठीत कोणत्याही विषयावर तासभर नीट बोलता येते एवढे मात्र तेव्हाच मनावर ठसले. संत, नाटक, इतिहास, संगीत यांच्या या मालिकेत आज सॉफ्टवेअर घेऊन उभा राहताना संकोच वाटतो. विषय सांगितला तेव्हा कार्यवाहही क्षणभर थबकले. "लोकांना झेपेल ना?" त्यांनी विचारले. मी म्हटले, फोन सगळ्यांच्या खिशात आहे आणि त्याची कटकटही सगळ्यांना ठाऊक आहे. मी फक्त तिची संगती लावून दाखवणार आहे.

सुरुवात घरापासून करतो. माझी आत्या ८४ वर्षांची. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहते. आयुष्यभर तिने वाचनाशिवाय दुसरा छंद केला नाही. चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याची झीज सुरू झाली आणि अक्षरे मधोमध पुसल्यासारखी दिसू लागली. मी तिच्या फोनवर एक ॲप बसवून दिले. पडद्यावर जो मराठी मजकूर असेल त्यावर बोट ठेवायचे, की ते मोठ्याने वाचून दाखवते. वर्तमानपत्र, नातवंडांचे निरोप, दिवाळी अंकातली एखादी कथा, सगळे ती ऐकू लागली. मग एके दिवशी तिचा फोन आला. "अरे, बँकेचं ॲप उघडतच नाही. म्हणतंय, तुमच्या फोनमध्ये धोकादायक ॲप आहे, ते आधी काढा." ते धोकादायक ॲप म्हणजे तिला वाचून दाखवणारे ॲप होते. पेन्शन जमा झाली का हे पाहायचे तर आधी ते बंद करायचे. "म्हणजे पैसे मोजायचे ते डोळे मिटून," आत्या म्हणाली.

त्याच गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना एका संध्याकाळी फोन आला. वीजबिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडणार, टाळायचे तर आम्ही सांगतो ते ॲप उतरवून घ्या. त्यांनी उतरवले, विचारली ती परवानगी दिली आणि अर्ध्या तासात खात्यातली निम्मी शिल्लक गेली. पलीकडच्या माणसाला त्यांचा पडदा दिसत होता आणि त्यावरची बटणेही त्याला दाबता येत होती.

त्या ठगाच्या ॲपने मागितलेली परवानगी आणि आत्याच्या ॲपने मागितलेली परवानगी एकच होती. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अपंग व वृद्ध वापरकर्त्यांसाठी जी सोय आहे, तीच ती. एका घरात त्या सोयीने दृष्टी दिली, दुसऱ्या घरात चोरी केली. बँकेला दोष देणे सोपे आहे, पण शिक्षकांचा प्रसंग पाहिल्यावर बँक अशी का वागते हेही कळते. आजचा माझा विषय या दोन घरांमधला आहे. ॲप एकमेकांपासून वेगळी ठेवली नाहीत तर आपण लुटले जातो, आणि पूर्ण वेगळी ठेवली तर ती आपल्या उपयोगाची राहत नाहीत. मग करायचे काय?

आपल्यापैकी अनेकांनी जुना वाडा पाहिला आहे. मोठा दरवाजा, त्याला आतून अडसर आणि त्याच दरवाजाच्या एका फळीत कापलेली लहानशी दिंडी. मोठा दरवाजा लग्नकार्याला, मेण्याला, पालखीला उघडायचा. रोजची ये-जा दिंडीतून व्हायची. एकेकट्याने, वाकून आणि देवडीवरच्या माणसाच्या नजरेसमोरून. वाडा बांधणाऱ्याला भिंतही हवी होती आणि वहिवाटही. सॉफ्टवेअरच्या जगाला ही दिंडी सुचायला बराच काळ लागला.

सुरुवातीचा काळ मोकळेपणाचा होता. १९६४ मध्ये बेल लॅब्जमधले डग मॅकिलरॉय यांनी एका टिपणात अशी कल्पना मांडली की बागेतल्या रबरी नळ्या जशा एकीला एक जोडतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ती सोय प्रत्यक्ष करून दिली. एक प्रोग्रॅम शब्द वेगळे करतो, दुसरा ते अकारविल्हे लावतो, तिसरा मोजतो. तिघांनाही एकमेकांची माहिती नाही, तरी तिघे मिळून चौथेच काम करतात. माझ्या पिढीच्या संगणक शिकणाऱ्यांना हा चमत्कारच वाटे.

त्या काळी सुरक्षिततेचा विचार नव्हता असे नाही. एका मोठ्या संगणकावर अनेक माणसे काम करीत, म्हणून एकाच्या फायली दुसऱ्याला दिसू नयेत याची काळजी घेतली जाई. १९७५ मध्ये जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी प्रसिद्ध निबंधात तत्त्वही लिहून ठेवले, की प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. प्रत्यक्षात मात्र भिंत माणसामाणसांत उभी राहिली, एकाच माणसाच्या प्रोग्रॅमांमध्ये नाही. मी जो प्रोग्रॅम चालवीन, तो माझा मुखत्यार. मला जे करता येते ते सगळे त्याला करता येई. हे चालून गेले, कारण प्रोग्रॅम लिहिणारे आणि वापरणारे बहुधा ओळखीचेच असत.

इंटरनेट आले आणि ही ओळख संपली. २६ मार्च १९९९ रोजी मेलिसा नावाचा विषाणू पसरला. ईमेलने आलेला वर्डचा एक दस्तऐवज उघडला, की त्यातल्या सूचना आउटलुक या ईमेलच्या प्रोग्रॅमला सांगत, पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या ५० जणांना हेच पाठव. पुढच्याच वर्षी, ४ मे २००० ला, प्रेमपत्राच्या नावाने आलेल्या दुसऱ्या विषाणूने वहीतल्या सगळ्यांनाच पत्रे धाडली आणि जगभरच्या कचेऱ्यांतली ईमेलची यंत्रणा कोलमडली. यात कुलूप कोणी तोडले नव्हते. वर्डने आउटलुकला काम सांगावे ही सोय मुद्दाम दिलेली होती. कारकुनांचे तास वाचावेत म्हणून ठेवलेल्या दारानेच चोर आला. मग मायक्रोसॉफ्टने दार आवळले. दुसरा प्रोग्रॅम पत्त्यांच्या वहीला हात लावू लागला की वापरणाऱ्याला प्रश्न विचारला जाऊ लागला, आणि त्या प्रश्नात प्रामाणिक प्रोग्रॅमही अडकले.

याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो, कारण सगळ्याचे मर्म तिच्यात आहे. नॉर्म हार्डी नावाच्या तज्ज्ञांनी १९८८ मध्ये ती लिहून ठेवली. अमेरिकेतली एक कंपनी आपल्या संगणकाचा वेळ भाड्याने देई. तिथे एक कंपायलर होता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. आपल्या वापराची नोंद करता यावी म्हणून त्याला कंपनीच्या खास कप्प्यात लिहिण्याचा अधिकार दिला होता. ग्राहकांच्या बिलांची फाइलही त्याच कप्प्यात होती. एका ग्राहकाने कंपायलरला सांगितले, तुझा तपशील अमुक नावाच्या फाइलीत लिही, आणि नाव दिले ते बिलांच्या फाइलीचे. ग्राहकाला स्वतः त्या फाइलीला हात लावता आला नसता. कंपायलरला मात्र लावता येत होता. त्याने इमानाने तपशील लिहिला आणि बिले पुसली गेली.

हार्डींनी त्याला जे नाव दिले त्याला मी मराठीत "गोंधळलेला कारभारी" म्हणतो. संस्थानी गावात हा माणूस समजावून सांगावा लागत नाही. कारभाऱ्याकडे शिक्का धन्याचा असतो आणि काम सांगणारा तिसराच असतो. कोणाच्या वतीने शिक्का उठवतो आहोत हे त्याच्या लक्षात राहिले नाही की अनर्थ होतो. मेलिसात आउटलुक हा असाच कारभारी होता. शिक्षकांच्या फोनमध्ये तीच गत झाली. बँकेच्या ॲपला वाटले, बटण खातेदारच दाबतो आहे.

स्मार्टफोन आले तेव्हा हा अनुभव बांधणाऱ्यांच्या गाठीशी होता. म्हणून २००८ मध्ये आयफोनचे ॲप स्टोअर आणि अँड्रॉइडचा पहिला फोन आला, तेव्हा प्रत्येक ॲपला चार भिंतींची स्वतंत्र खोली मिळाली. अँड्रॉइडमध्ये तर प्रत्येक ॲप जणू वेगळा भाडेकरू. माणसामाणसांत घातलेली युनिक्सची जुनी भिंत आता ॲपांमध्ये आली. फायदा मोठा झाला. आज नातवाने एखादा भिकार खेळ फोनमध्ये उतरवला तरी तो खेळ बँकेच्या ॲपची फाइल वाचू शकत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या घरच्या संगणकावर ही खात्री कोणी दिली नसती.

किंमतही द्यावी लागली. आयफोनवर एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोय यायला २००९ साल उजाडले. एका ॲपने दुसऱ्याच्या आत छोटीशी सेवा द्यावी, दुसऱ्या कंपनीचा कळफलक वापरता यावा, हे तिथे २०१४ मध्ये जमले. मधल्या काळात लोकांनी पळवाटा शोधल्या, आणि क्लिपबोर्ड ही त्यातली सर्वांत वापरातली. पासवर्ड, पत्ता, खाते क्रमांक, सगळे तिथे ठेवायचे आणि दुसरीकडे चिकटवायचे. पण ती फळी चव्हाट्यावर होती. जो येईल त्याने वाचावी. २०२० मध्ये आयफोनने "अमुक ॲपने क्लिपबोर्ड वाचला" अशी सूचना पडद्यावर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा कितीतरी नामांकित ॲप गरज नसताना तिथे डोकावतात हे लोकांनी प्रथमच पाहिले. अँड्रॉइडने २०१९ मध्येच मागे चालणाऱ्या ॲपांना क्लिपबोर्ड बंद केला होता. त्यात फोन आणि संगणक यांचा क्लिपबोर्ड एक ठेवणारी भली ॲपही लंगडी झाली.

भिंत घालून झाली, तिला भोके पडली, आता परवानगी विचारू असे ठरले. पूर्वी अँड्रॉइड ॲप उतरवतानाच सगळ्या परवानग्यांची यादी दाखवी. घ्या नाहीतर सोडा. २०१५ पासून प्रत्येक परवानगी गरजेच्या वेळी विचारली जाऊ लागली. सुधारणा झाली, पण आपण सगळे काय करतो ते प्रामाणिकपणे आठवा. घाईत असतो, चौकट येते, आपण "होय" दाबतो. दिवसातून दहा वेळा विचारलेला प्रश्न प्रश्न राहत नाही. शिवाय प्रश्नच चुकीचा असतो. मला एक फोटो पाठवायचा आहे आणि ॲप विचारते, तुमचे सगळे फोटो पाहू का? वाण्याला पाच रुपये द्यायचे असताना त्याने तिजोरीची किल्ली मागावी, असाच हा प्रकार आहे.

यातून निघालेली वाट मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. आपल्या गावाला ती समजायला सोपी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले, त्यामुळे ग्रंथालयाचा व्यवहार आपल्या अंगवळणी आहे. जुन्या, दुर्मिळ पुस्तकांच्या विभागात आपण स्वतः कपाटे उघडत नाही. चिठ्ठी लिहितो, ग्रंथपाल आत जातो आणि तेवढे एकच पुस्तक आणून हातात ठेवतो. आता फोनमध्ये हेच उलट बाजूने पाहा. ॲप म्हणते, मला एक फोटो हवा. फोनची मूळ यंत्रणा, म्हणजे ग्रंथपाल, स्वतःची खिडकी उघडते. त्या खिडकीत तुमचे सगळे फोटो तुम्हाला दिसतात, ॲपला दिसत नाहीत. तुम्ही एकावर बोट ठेवता आणि तेवढाच ॲपच्या हातात पडतो. मॅक संगणकांवर फायलींसाठी ही पद्धत आधीपासून आहे. फोटोंसाठी ती आयफोनवर २०२० मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२२ मध्ये आली.

इथे "परवानगी देता का?" असा वेगळा प्रश्नच उरलेला नाही. तुम्ही बोट ठेवलेत हीच परवानगी. कामही झाले आणि अधिकारही कामापुरताच गेला. साल्ट्झर-श्रोडर यांचे १९७५ चे तत्त्व असे सामान्य माणसाच्या बोटापर्यंत पोहोचले. ही सॉफ्टवेअरची दिंडी.

तुम्ही रोज वापरता अशी दुसरी दिंडी म्हणजे २०१६ मध्ये सुरू झालेले यूपीआय. दुकानाचे ॲप पैसे मागते तेव्हा ते पैसे देणाऱ्या ॲपकडे फक्त एक चिठ्ठी सरकवते, कोणाला द्यायचे आणि किती. तुमची शिल्लक दुकानाला कळत नाही. पिन तुम्ही टाकता ते पानही राष्ट्रीय देयक निगमाने पुरवलेले असते. पैसे देणाऱ्या ॲपलाही तो पिन दिसत नाही. झाले की नाही एवढेच उत्तर परत जाते. अनोळखी ॲप एकमेकांशी इतका महत्त्वाचा व्यवहार करतात आणि एकमेकांच्या घरात कोणी शिरत नाही. म्हणजे भिंत आणि देवाणघेवाण यांचे वैर अटळ नाही. कोणती वस्तू, कोणाला, कोणाच्या बोटाने, हे नेमके ठरवले की दोन्ही साधते.

मग आत्याचे घोडे कुठे अडले? तिच्या ॲपला लागणारे दार दिंडीएवढे कापलेले नाही. पडदा वाचणे आणि पडद्यावरची बटणे दाबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्याला पहिलीच हवी होती. ज्याचे हात चालत नाहीत त्याला दुसरीही लागते. परवानगी मागताना मात्र वापरणाऱ्यापुढे दोन्ही एकाच चौकटीत येतात. अख्खा मोठा दरवाजा उघडा, नाहीतर अडसर घाला. गूगललाही ही अडचण माहीत आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात त्यांनी ही सोय इतर कामांसाठी वापरणारी ॲप काढून टाकू असा इशारा दिला, आणि उपयोगी ॲपांच्या कर्त्यांनी व वापरणाऱ्यांनी ओरड केल्यावर महिन्याभरात तो स्थगित केला. २०२२ मध्ये दुकानाबाहेरून उतरवलेल्या ॲपांना ही परवानगी मिळणे अवघड केले. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये आणखी एक चांगली सोय आली. आपल्या ॲपमधला नाजूक मजकूर अपंग व्यक्तींची खरी साधने म्हणून नोंदलेल्या ॲपांनाच दिसावा, इतरांना नाही, असे बँकेला ठरवता येते. म्हणजे दिंडी कापण्याची करवत आता सुताराच्या हातात आहे. तरी सुतार दरवाजाला अडसर घालून मोकळा होतो, कारण फसवणूक झाली तर त्याला जाब विचारतात, आणि आत्या अडली तर कोणी विचारत नाही.

यातच दुसरा प्रश्न दडलेला आहे. देवडीवर बसतो कोण? आत्याने शेवटी फोनमध्ये आधीपासून असलेले वाचनाचे साधन घेतले. बँकेचे ॲप त्याला अडवत नाही. ते शिकायला आत्याला तीन महिने लागले. त्यात बोट सरकवण्याची पद्धत सगळी वेगळी आहे आणि पहिल्या ॲपसारखे ते तिला सोयीचे वाटत नाही. पण ते फोनची यंत्रणा बनवणाऱ्याचे आहे, म्हणून आत येते. लहान कर्त्याचे बाहेर राहते. सुरक्षिततेच्या नावाने घातलेली भिंत अशी नकळत मालकाच्या सोयीची होते. युरोपीय संघाने आपल्या डिजिटल बाजारांच्या कायद्याने मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर बंधने घातली, त्यामागे हाही विचार आहे, की जी दारे मालकाच्या ॲपांना उघडी, ती इतरांनाही योग्य अटींवर उघडी असावीत. कंपन्या म्हणतात, यात सुरक्षितता ढिली पडेल. त्यांचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. पण देवडीवरच्या माणसाने पाहुणा पारखावा. तो भाऊबंद आहे की नाही हे पाहू नये.

आपल्या भाषेचा इथे सरळ संबंध येतो, म्हणून या सभागृहात हा विषय मांडावासा वाटला. मराठी कळफलक, शुद्धलेखन तपासणारी साधने, शब्दकोश, वाचून दाखवणारी ॲप, ही सारी दुसऱ्या ॲपच्या आत जाऊनच काम करतात. कळफलक तर तुम्ही लिहिलेले प्रत्येक अक्षर पाहतो, म्हणूनच तो बसवताना फोन आपल्याला सावध करतो. ते योग्यच आहे. पण मोठ्या भाषांची साधने फोनबरोबरच येतात. लहान बाजाराच्या भाषांची साधने एखाददुसरा हौशी माणूस घरी बसून बनवतो. दार सरसकट बंद झाले की पहिला बाहेर राहतो तो हाच. इंग्रजी वाचणाऱ्याला भिंत जाणवतही नाही. आपल्याला ती लगेच लागते.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. सॉफ्टवेअर बनवणारी तुमची मुलेमुली पुण्यात, बंगळूरला, परदेशात असतील, त्यांना सांगा: सरसकट परवानगी मागू नका, बोट ठेवलेल्या वस्तूपुरती मागा; वाचण्याचा आणि दाबण्याचा हक्क वेगळा करा. बँकांना आणि कचेऱ्यांना आपण ग्राहक म्हणून लिहूया, की अडसर घालण्याआधी दिंडी कापण्याची सोय वापरून पाहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे शिकवूया, की फोनवर बोलणारा माणूस ॲप उतरवायला सांगतो तेव्हा आधी फोन ठेवायचा. आणि एखादे ॲप पूर्ण पडदा पाहायला मागते तेव्हा घरातल्या कोणालातरी विचारल्याशिवाय "होय" म्हणायचे नाही.

शिक्षकांचे गेलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. ते आता फोनवर बँकेचे काही करत नाहीत, पासबुक घेऊन रांगेत उभे राहतात. आत्या नव्या साधनाने पेन्शन पाहते. कथा ऐकायच्या असल्या की सेटिंगमध्ये जाऊन जुने ॲप सुरू करते आणि बँकेचे काम आले की आठवणीने बंद करते. ८४ व्या वर्षी तिला ही उठाठेव करावी लागते, याची माझ्या व्यवसायाच्या वतीने मला लाज वाटते. हे दार नीट कापणे अवघड आहे, पण अशक्य नाही, एवढेच सांगायला मी आज आलो.